न गळणारं गॅरेज

गुंडू पत्रेवाल्याला घरी चहाला बोलवायची सोय नव्हती. कप हातात पडला की हा मान वर करून छपराकडं बघत बसायचा. घरातली माणसं काय बोलतायत, पोरगी बारावीला किती मार्कांनी पास झाली, याच्याशी त्याला काही कर्तव्य नसायचं. "ह्यो पत्रा कुणी बसवला?" हा त्याचा पहिला प्रश्न. उत्तर मिळायच्या आतच "पायातलं काढून हाणाय पायजे त्येला" हा निकाल. मग बशीतला चहा एका घोटात संपवून, घरमालकाचा चेहरा पाडून, हा आपला बाहेर.

एकदा आमच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याच्या रक्षाविसर्जनाला आम्ही दोघं गेलो होतो. बाहेर पाऊस लागला म्हणून सगळी मंडळी पडवीतल्या पत्र्याखाली दाटीवाटीनं बसली. घरच्या बायकांची रडारड चाललेली. गुंडूनं मला कोपरानं ढोसलं आणि त्याला हळू वाटणाऱ्या आवाजात, म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात, म्हणाला, "आण्णा, समदं हूक सरीत मारल्यात. आखाड निघायचा न्हाय ह्यात." मयताचा थोरला मुलगा डोळे पुसता पुसता वर बघायला लागला. मला कुठं तोंड लपवावं ते कळेना. परत येताना मी त्याला झाडला, तर उलट मलाच म्हणतो, "मेलेला गेला की. मागं ऱ्हायलेल्यांनी भिजायचं का?"

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्र्यांचं आणि लोखंडी सामानाचं दुकान आहे. गुंडू शिरोळ तालुक्यातला, कृष्णाकाठचा. तरुणपणापासून माझ्याकडून माल न्यायचा, मी जैन म्हणून मला आण्णा म्हणायचा आणि माझ्याच दुकानात उभा राहून माझ्याच मालाला नावं ठेवायचा. तो गरीब बिचारा वगैरे नव्हता, उगाच कुणी तसं समजू नये. भांडखोर होता, बढाईखोर होता. मात्र छपराबद्दल तो जे बोलायचा ते खरं असायचं, आणि त्याचाच जास्त राग यायचा.

नागमोडी पत्र्याला उंचवटे असतात आणि मध्ये खोलगट पन्हळी असतात. जन्म उसात गेलेला हा माणूस त्यांना वरंबा आणि सरी म्हणायचा. पावसाचं पाणी सरीतून वाहतं. म्हणून पत्रा आवळायचा हूक वरंब्यावर मारायचा. सरीत मारला की आज ना उद्या त्या भोकातून पाणी आत येणारच. पण वरंब्यावर पत्रा चेपतो, हात सांभाळून चालवावा लागतो, वेळ जातो. घाईचा गडी सरीत मारून मोकळा होतो. गुंडूच्या लेखी जगात दोनच जाती होत्या, वरंब्यावर मारणारे आणि सरीत मारणारे, आणि दुसऱ्या जातीत सोयरीक करायची त्याची तयारी नव्हती.

आधी त्यानं गोठे शाकारले. मग ट्रॅक्टर आले तशा ट्रॅक्टरच्या शेडी उभ्या केल्या. पुढं कोल्हापुरात घरटी चारचाकी आली आणि त्याला शहरातली कामं मिळायला लागली. आमच्या लोकांचं गाडीवर फार प्रेम. नवी गाडी जोतिबाला नेणार, गुलालात लाल करून आणणार, आणि दुसऱ्या दिवशी गुंडूला फोन करणार की गाडीवर ऊन पडतंय, लवकर या. शेड पुरी झाली की गुंडू भर दुपारी दारं-खिडक्या लावून घ्यायचा, फटींना गोणपाट लावायचा आणि आतल्या अंधारात एकटाच उभा राहायचा. पत्र्याला टाचणीएवढं भोक असलं तरी अंधारात ते चमकतं. मग वर चढून बादल्यांनी पाणी ओतायचा. एवढं झाल्यावरच मालकाच्या हातून टॉवेल, टोपी आणि नारळ घ्यायचा. काम संपल्यावर कारागिराला हा मान द्यायची आमच्याकडं रीत आहे. असे टॉवेल त्याच्या घरी ट्रंकभर होते.

बायको चिमणाबाई. अंगानं एवढीशी, पण गुंडूला गप्प करू शकणारी पंचक्रोशीतली एकच बाई. एकुलता एक मुलगा. स्वतःचं नाव गुंडू, पण मुलाचं नाव ठेवलं अमरसिंह. तो शिकला, कोल्हापुरात एका कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर लागला, शहराच्या कडेला एका कॉलनीत दुमजली बंगला बांधला. बंगल्याचं काम त्यानं ठेकेदाराला दिलं, गॅरेजच्या पत्र्यासकट. बापाला विचारलं नाही. गुंडू तेव्हा महिनाभर फुगून बसला होता.

दोन हजार एकोणीसच्या महापुरात गुंडूच्या घरात पाणी शिरलं. भिंती मातीच्या, तरी कशाबशा तगल्या. गुंडूनं डागडुजी केली. एकवीसला पाणी पुन्हा आलं आणि या खेपेला मागची भिंत छपरासकट बसली. म्हैस दावणीलाच गेली, तिला सोडायला कुणी पोचू शकलं नाही. शाळेतल्या छावणीतून बाहेर पडल्यावर गुंडू बायकोला म्हणाला की तिथंच उंचवटा करून पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या करतो, बघत राहशील. चिमणाबाईनं त्याला पुरतं बोलूही दिलं नाही.

"त्या पाण्याच्या कडंला मला मरायला बी न्हिऊ नका," ती म्हणाली. "आन् पत्र्यात तुमी ऱ्हावा. मला पोराच्या घरात ऱ्हायाचं हाय. माणसात."

तिला एवढंच हवं होतं. मुलाच्या घरातली एक खोली, जिथून सुनेच्या भांड्यांचा आवाज ऐकू येईल आणि नात शाळेतून आलेली कळेल. फार मोठं मागणं होतं असं मला वाटत नाही. वाटत असेल कुणाला तर त्यानं आपल्या म्हातारपणी मला येऊन सांगावं.

अमरसिंह दोघांना घेऊन आला. वर एक खोली होती, पण त्याची बायको संयोगिता फोनवरून साड्या विकायची, त्यांची खोकी त्या खोलीत छतापर्यंत रचलेली. "आबा, खोली मोकळी करतो," मुलगा म्हणाला. "थोडे दिवस गॅरेजमधी काढा. गाडी बाहेर लावतो की मी." आणि खरंच त्यानं गाडी रस्त्यावरच्या गुलमोहराखाली लावली, वर कापड टाकलं. गॅरेज धुऊन घेतलं. दोन कॉट, पंखा, टीव्ही, शेगडीसुद्धा दिली. कोब्यावरचे ऑइलचे डाग तेवढे निघाले नाहीत. गॅरेज बंगल्याला चिकटून होतं, पण आतून दार नव्हतं. शटर उचलून बाहेर यायचं, वळसा घालून पुढच्या पायऱ्या चढायच्या आणि बेल वाजवायची. सख्ख्या मुलाच्या घरी बेल वाजवून, कुणीतरी दार उघडेपर्यंत ही बाई पायरीवर उभी राहायची.

त्यानंतरचा पहिला मोठा पाऊस आला आणि गॅरेज गळायला लागलं. ठेकेदाराच्या माणसांनी झाडून सगळे हूक सरीत मारले होते. गुंडूला मनातून आनंदच झाला असणार. तो शिडी शोधायला उठला, तर चिमणाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"हात लावायचा न्हाय. गळू दे."

"आगं, टपटप सुरू झालंय."

"मला दिसतंय की. गळालं तरच ती आपल्याला आत न्हेतील. तुमी भोकं बुजवलासा की झालं, हितंच मुक्काम. जोतिबाची आण हाय तुमास्नी."

देवाची आण म्हटल्यावर गुंडूचा इलाज नव्हता. त्या दिवसांत तो माझ्या दुकानात येऊन नुसता बसायचा. माझ्या मालाला नावं ठेवायचंही विसरला होता. "आण्णा, डोक्यावर गळतंय आन् मी खाली पातेलं धरून बसलोय," म्हणायचा. "कुणी वळखीचं बघितलं तर काय म्हणंल?" मला हसू यायचं. म्हटलं, पातेलं आवाज करत असेल तर तळाला फडकं टाक. त्यावर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा त्या वाटेला गेलो नाही.

असे काही आठवडे गेले. चिमणाबाईचा हिशेब चुकीचा नव्हता. श्रावणातल्या एका दुपारी पावसानं नुसता धिंगाणा घातला. सून काहीतरी खायला घेऊन खाली आली, तर सासू भिजलेल्या अंथरुणावर तशीच बसलेली. बाजूला सरकायला जागा होती, पण सरकली नव्हती. खोटं कशाला सांगू, संयोगितेचा चेहरा उतरला. "आई, असं कसं बसलाय तुम्ही? चला आत," म्हणून तिनं हाताला धरून दोघांना घरात नेलं. अमरसिंह कामावरून आल्यावर स्वतःच म्हणाला, "उद्या सुट्टी हाय. खोली मोकळी करतो. लई दिवस ढकललं मी."

त्या रात्री दोघं हॉलमध्ये झोपली. नात मोना आजीच्या कुशीत येऊन झोपली. सकाळी चिमणाबाईनं कुणी न सांगता भांडी घासली, भाकरी थापल्या. सून आणि मुलगा वरची खोकी गॅलरीत आणून ठेवत होते आणि ही खोलीच्या मध्ये उभी राहून कॉट कुठल्या भिंतीला लावायची ते ठरवत होती. गुंडूनं खोकं उचलायला हात घातला तर मुलगा म्हणाला, "आबा, तुम्ही बसा निवांत." निवांत बसणं हे या माणसाला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

पाऊस उघडला होता, थोडं ऊनही पडलं होतं. गुंडू बाहेर आला. गुलमोहराखाली गाडी उभी, कापडावर ओली पानं. त्यानं आपल्या डोक्यानं विचार केला. आता आपण वर जाणार. गॅरेज रिकामं होणार. गाडी परत आत येणार. म्हणजे आण संपली. आणि गुंडू पत्रेवाल्याच्या पोराची गाडी गळक्या पत्र्याखाली उभी राहणार असेल तर त्यापेक्षा जीव दिलेला बरा. शेजारच्या बांधकामावरून त्यानं शिडी आणली, हत्यारांच्या पेटीतून डांबर, हूक आणि वायसर काढले आणि चढला.

मला कुणी विचारलं तर मी त्याला मूर्ख म्हणेन, आणि तोंडावर म्हटलंही आहे. पण आयुष्यभर जो माणूस गळकं छप्पर दिसलं की शिडी लावतो, तो त्या एका दिवशी कसा गप्प बसणार होता? त्यानं सगळे हूक काढले, सरीतली भोकं बुजवली, वरंब्यावर नवे हूक मारले. वळचणीला पट्टी ठोकली. दुपारी पुन्हा सर आली, जोरदार. आत एक थेंब नाही.

अमरसिंह कॉट न्यायला खाली आला तेव्हा गुंडू गॅरेजच्या मध्ये कमरेवर हात ठेवून उभा होता. "बघ," तो म्हणाला. "एक थेंब दावून दे मला."

अमरसिंहनं वर बघितलं. मग बाहेर येऊन गॅलरीकडं बघितलं, तिथं साड्यांची खोकी भिजत होती आणि संयोगिता त्यांवर प्लास्टिक टाकायला धावत होती.

"झ्याक केलासा की आबा," तो म्हणाला. "मग आता काय अडचण न्हाय."

"व्हय तर. खुशाल आत आण गाडी."

"गाडीचं न्हाय म्हणत मी. तुमचं म्हणतोय. आता गळत न्हाय तर जिना चढ-उतर कशाला करताय? आईला दम लागतोय. तळमजल्यालाच बरं पडंल तिला."

त्यात वाईट हेतू होता असं मी म्हणणार नाही. आईला दम लागत होता हेही खरं. पण ही दमाची आठवण सकाळी खोकी उचलताना कुठं गेली होती, ती नेमकी खोकी भिजताना कशी आली, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही. चिमणाबाई त्याच वेळी गॅरेजमधली उशी पोटाशी धरून वर न्यायला निघाली होती. तिला वाटलं, कॉट हलवायच्या आधी हलकं सामान वर नेऊन ठेवू आणि मग जड सामानाला परत येऊ. तिनं मुलाचं बोलणं ऐकलं, वर पत्र्याकडं बघितलं आणि उशी परत गॅरेजमधल्या कॉटवर नेऊन ठेवली. नवऱ्याशी ती गौरी-गणपतीपर्यंत बोलली नाही.

एकदा बसलेली घडी मग मोडत नाही. साड्यांची खोकी परत वर गेली, पुढं तिथं कपाटंही आली. गाडी बाहेर भिजते म्हणून दिवाळीच्या आधी अमरसिंहनं अंगणात तिच्यासाठी शेड बांधायची काढली आणि काम अर्थातच बापाला दिलं. या खेपेला ठेकेदार नको, आबाच पाहिजेत. गुंडू एवढा खूश झाला की माझ्या दुकानातला चांगल्यातला चांगला पत्रा त्यानं उलटापालटा करून निवडला. चिमणाबाई त्याला म्हणाली होती, ही शेड उभी राहिली की गॅरेज कायमचं आपल्या गळ्यात पडलं. त्यानं ऐकलं नाही. मुलानं काम सांगितलं होतं, आणि तेही सगळ्या कॉलनीसमोर.

शेड झाली तेव्हा मी तिथं होतो. काम बघण्यासारखं झालं होतं. अमरसिंहनं ताट आणलं. बापाच्या खांद्यावर नवा टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली, हातात नारळ दिला आणि पाया पडला. संयोगितेनं फोटो काढले, शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुंडूच्या डोळ्यांत पाणी आलं. गॅरेजच्या शटरपाशी उभी असलेली चिमणाबाई मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात नवऱ्याला म्हणाली, "गड्याला देत्यात त्ये दिलं तुमास्नी. आन् तुमी घेतलासा."

गुंडूनं टॉवेल खांद्यावरून काढून हातात धरला, पण तोवर फोटो निघाले होते.

उन्हाळ्यात चिमणाबाई आजारी पडल्याचं कळलं म्हणून मी बघायला गेलो. चैत्रातली दुपार, वर पत्रा. आत पाऊल टाकलं तर तोंडावर वाफ आली. म्हातारी कॉटवर बसून दम घेत होती. बोलायला तिला त्रास होत होता, तरी माझ्या सुना-नातवंडांची चौकशी करत होती, आणि मी सांगेन ते सगळं नीट ऐकत होती. मोना येते का, विचारलं. "येती की. शटर उचलाय जड जातंय तिला. क्लास असत्यात," म्हणाली. अमरसिंह मला फाटकापर्यंत सोडायला आला आणि कौतुकानं म्हणाला, "आण्णा, आमचं आऊटहाऊस बघितलंसा न्हवं? आई-आबांना कसं, त्यांचं त्यांचं निराळं. मनाला येईल तसं ऱ्हायचं."

"बघितलं," मी म्हटलं. "तुझ्या गाडीला वारा बरा लागतो रे."

तो हसला. त्याला चेष्टा वाटली. मी गाडी चालू केली आणि घरी येईपर्यंत स्वतःशीच बडबडत आलो.

डॉक्टरांनी पत्र्याच्या उष्म्याचं सांगितल्यावर मुलानं पत्र्याला वरून पांढरा रंग मारून घेतला आणि कूलर आणला. डास झाले तर जाळी आणली. पायऱ्यांवर पाय घसरतो म्हटल्यावर तिथं लोखंडी कठडा बसवला. तिच्या प्रत्येक तक्रारीवर त्या घरात इलाज निघत होता. ती तक्रार करायची ती खोलीसाठी, आणि मिळायच्या वस्तू. शेवटी तिनं तक्रार करणंच सोडून दिलं. ते बघून गुंडू हादरला. भांडणाऱ्या बायकोबरोबर त्यानं जन्म काढला होता, गप्प बायको कशी सांभाळायची हे त्याला ठाऊक नव्हतं.

पुढचं सगळं मला त्यानंच सांगितलं, परवा दुकानात येऊन. समोरच्या स्टुलावर बसला, चहा नको म्हणाला.

"आण्णा, मी सरीत भोकं पाडली," तो म्हणाला.

मुलगा-सून एका लग्नाला गेले होते. गुंडूनं शिडी लावली, ड्रिल मशीन घेतली आणि स्वतःच्या हातानं दुरुस्त केलेल्या गॅरेजच्या पत्र्यावर चढला. वय झालेलं. चिमणाबाईच्या कॉटवर पाणी पडेल अशा जागा त्यानं अंदाजानं धरल्या आणि बरोबर सरीच्या तळाला भोकं पाडली, एकामागून एक. "हात चालंना," म्हणाला. "मशीन दोनदा घसरली. जन्मात असलं काम केलं न्हवतं. खाली आलो आन् भांड्याला तोंड लावून गटागटा पाणी प्यालो."

मृगाचा पाऊस आला आणि पाणी बरोबर कॉटवर पडायला लागलं. चिमणाबाईनं वर बघितलं. ती पत्रेवाल्याची बायको. तिला कळायला वेळ लागला नाही. पातेलं लावलं नाही. उठली, शेगडी पेटवली आणि गुंडूला चहा करून दिला. "माझ्या हातात कप दिला आन् शेजारी टेकली," तो सांगत होता. "कितीक दिवसांनी अशी टेकली."

गुंडूनं मग वळसा घालून बेल वाजवली आणि मुलाला सांगितलं की पत्रा गळाय लागलाय. पुढं आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य बोलला, "माझ्यानं न्हाय आता दुरुस्त हुईत. हात ऱ्हायलं न्हाईत पयल्यासारखं." ज्या माणसानं लोकांच्या मयतीतसुद्धा दुसऱ्याच्या हातांना नावं ठेवली, त्यानं बायकोला एक खोली मिळावी म्हणून हे तोंडानं कबूल केलं.

"अवो आबा, तुम्ही कशाला चढताय या वयात?" अमरसिंह म्हणाला. बापाची त्याला खरोखर काळजी वाटली. त्यानं तिथंच उभ्या उभ्या फोन लावला. दुसऱ्या दिवशी उघडीप मिळाली तशी गाडी आली, गणवेश घातलेली दोन पोरं उतरली. त्यांनी पत्रा घासून वाळवला, मशीननं कसलंतरी रबरासारखं जाड द्रावण सगळ्या पत्र्यावर मारलं, सरी आणि वरंबा सगळं एकाच थराखाली गेलं. वाळल्यावर वर पाइपनं पाणी सोडून दाखवलं. दुपारच्या जेवणाच्या आधी पोरं निघूनही गेली.

"हूक कुठं हाय, कुठं न्हाय, बघितलं सुदीक न्हाय त्येनी," गुंडू म्हणाला. "तरीबी थेंब न्हाय आण्णा. एक थेंब न्हाय."

अमरसिंह आत आला, वर बघून समाधानानं मान डोलावली आणि आईला म्हणाला, "आता काळजी मिटली बघ. धा वर्सांची गॅरंटी दिलीया त्यांनी." आणि कामावर निघून गेला.

चिमणाबाईनं कॉटवरची चादर नीट केली. मग तिनं नवऱ्याला विचारलं, "किती वर्सं म्हणाला?"

"धा."

"मग एक खिडकी पाडा," ती म्हणाली.

खिडकी न्यायलाच तो माझ्याकडं आला होता. मी गोदामातून दोन-तीन काढून दाखवल्या. त्यानं एकीलाही नाव ठेवलं नाही. पुढं केली ती घेतली. मला राहवेना. बायकोसाठी आहे, नात खेळताना दिसेल, सुनेचा स्वयंपाकघरातला वावर कळेल, असं काहीतरी माझ्या मनात. म्हणून म्हटलं, "बंगल्याच्या अंगाला बसव. तेवढंच घर दिसेल तिला."

"तिथंच काढत हुतो," गुंडू म्हणाला. "खडूनं खूण बी केलती. तिनं उठून पदरानं पुसली. म्हणाली, तिकडं बघून झालं माझं. रस्त्याच्या अंगाला पाडा, जाणारं-येणारं कोण पावणं दिसलं तर दिसलं."

मी खिडकीला गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधून दिलं. त्यानं ती रिक्षात मांडीवर आडवी घेतली आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगितला.